नारपोलीच्या हातगाडीचा कैवार

भिवंडीच्या नारपोली भागाविषयी अलीकडे एक मत वारंवार ऐकू येते, आणि ते मांडणाऱ्यांत सुशिक्षित, सुस्थित व एरवी विचारी असलेली माणसेही आढळत असल्यामुळे त्याची उपेक्षा करून चालणार नाही. ते मत थोडक्यात असे: यंत्रमागांचा जमाना ओसरत चालला आहे, कारखान्यांच्या पत्र्यांच्या जागी बहुमजली इमारती उठत आहेत, धामणकर नाक्यावरून मेट्रो जाऊ घातली आहे, स्वयंसेवा दुकानांत किराण्यापासून कोथिंबिरीपर्यंत सारे काही एका छपराखाली मिळू लागले आहे, आणि ज्याला तेथवर जाण्याचेही कष्ट नकोत त्याच्या दारात मोबाइलवर नोंदवलेल्या मागणीसरशी सामान येऊन पडते, तेव्हा रस्त्याच्या कडेला हातगाडी लावून भाजी विकणारा माणूस हा गतकाळाचा अवशेष ठरला असून त्याला तेथून उठवण्यात कोणाचीही हानी नाही, झाला तर शहराचा लाभच आहे. हे मत मला समूळ सदोष वाटते. आणि ते उद्या कारभाऱ्यांच्या हातून हुकुमाच्या रूपाने अमलात आले तर हजारो कुटुंबांच्या ताटातली हिरवी भाजी हिरावून घेईल अशी माझी खात्री असल्यामुळे त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

नारपोलीत राहतो कोण, हा पहिला प्रश्न या मताच्या पुरस्कर्त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड विणण्याचे काम ज्या गावांकडे लोटले त्यांत भिवंडी अग्रेसर होती. उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले विणकर, तेलुगू मुलखातून येऊन पद्मानगरात व भोवताली वसलेली पद्मशाली कुटुंबे, आणि ठाणे जिल्ह्याच्याच खेड्यापाड्यांतील आगरी, कोळी व आदिवासी माणसे यांच्या श्रमावर हे शहर वाढत गेले, आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ७,०९,६६५ भरली. यंत्रमागावरचा कामगार विणलेल्या मीटरवर मजुरी घेतो, बारा तासांची पाळी करतो, आणि पुष्कळदा कारखान्याच्याच माळ्यावर किंवा चार-सहा जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत पाठ टेकतो. त्या खोलीत फ्रिज नसतो; दोन दिवसांची भाजी आणून ठेवावी एवढी जागाही नसते; आणि एकदम पाचशे रुपयांचे सामान भरावे इतकी रोकड महिन्यातल्या फार थोड्या दिवशी त्याच्या खिशात असते. नव्या इमारतींतून राहायला आलेला मध्यमवर्ग नारपोलीत आहे, आणि तो वाढतोही आहे, हे मला मान्य आहे; परंतु एखाद्या वस्तीत नवे लोक आले म्हणजे जुने लोक नाहीसे झाले असे समजून कारभार चालवणे हा अन्याय आहे, आणि ही माणसे तर अजून तेथेच, त्याच गल्ल्यांत, त्याच मजुरीवर आहेत.

आता दुकाने आली म्हणून अन्न जवळ आले, या मुख्य मुद्द्याकडे वळतो. नारपोलीच्या आसमंतात अन्नपदार्थांचा केवढा साठा आहे हे पाहून परगावचा माणूस थक्क होईल. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईपासून फार दूर नाही अशा ठिकाणी माल उतरवता यावा म्हणून काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांच्या भातखाचरांवर गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराच्या अंमलाबरोबर मुंबईची जकात संपली, तरी गोदामे गेली नाहीत, उलट वाढली; कारण राज्याराज्यांत वेगवेगळ्या वखारी ठेवण्याची निकड कमी होऊन मोठ्या कंपन्यांना एकाच जागी प्रचंड साठा करणे सोयीचे झाले, आणि ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या व्यापाऱ्यांनी भिवंडीला आपले ठाणे केले. मुंबई-ठाण्याच्या असंख्य घरांत जाणारे बिस्किटांचे पुडे, तेलाचे डबे, शेवयांची पाकिटे येथूनच जातात. परंतु या साऱ्या साठ्याचा एक धर्म आहे: गोदामात जे टिकते तेच येते, आणि पालेभाजीचा, टोमॅटोचा, मासळीचा स्वभावच न टिकण्याचा आहे. ज्या वस्तीच्या वेशीवर अन्नाची एवढी कोठारे आहेत तिला अन्नाची ददात कशी असेल, असा तर्क करणारे लोक टिकाऊ अन्न आणि ताजे अन्न यांतला भेदच पुसून टाकतात, आणि मग त्यांना हातगाडी अनावश्यक वाटू लागते.

हा भेद किरकोळ नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले आहे, आणि शिधापत्रिका आता परप्रांतातही चालू शकते. या व्यवस्थेचे ऋण मी मानतो. पण रेशनच्या दुकानात तांदूळ आणि गहू मिळतो, मेथीची जुडी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्यास सांगितले आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. सरकार धान्य देते, गोदामवाले पुडे देतात; या दोहोंच्या मध्ये उरलेली जी हिरवी, लोहयुक्त, नाशवंत बाजू, ती नारपोलीसारख्या वस्तीत आज हातगाडीवाला आणि पाटी घेऊन बसणारी बाई यांच्यावाचून दुसरे कोणी सांभाळत नाही.

ही बाजू ते कशी सांभाळतात हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. स्वयंसेवा दुकानात भाजी पाव किंवा अर्ध्या किलोच्या पिशवीत बांधलेली असते. मोबाइलवरच्या व्यवहारात मागणी लहान असली की घरपोच देण्याचा वेगळा आकार तिच्यावर बसतो, आणि शिवाय नीट लिहिता येईल असा पत्ता लागतो, जो कारखान्याच्या माळ्यावर झोपणाऱ्याला नाही. हातगाडीवर दहा रुपयांची भाजी मागता येते. दोन वांगी, एक टोमॅटो, चार मिरच्या, आल्याचा एक तुकडा आणि वर चिमूटभर कोथिंबीर, असा एका वेळच्या कालवणाचा सारा ऐवज तेथे सुट्या नाण्यांत बसतो, आणि पगार लांबला तर वहीत नाव लिहून चार दिवस थांबण्याची मुभाही मिळते. रात्री गाडी आवरण्याच्या वेळी भाव उतरतो, आणि त्या उतरत्या भावाची वाट पाहणाऱ्या बाया कोपऱ्यावर उभ्या असतात. त्यांना घासाघीस करण्याची हौस म्हणून त्या उभ्या नसतात, त्यांच्या हिशेबात तेव्हाच भाजी बसते म्हणून उभ्या असतात. रात्रपाळी सुटून सकाळी बाहेर पडणारा विणकर झोपण्यापूर्वी काही शिजवू इच्छितो, तेव्हा त्याला त्या घटकेस, त्या गल्लीत भाजी हवी असते. आणि हातगाडी गेली कित्येक वर्षे त्या घटकेस तेथे हजर आहे.

भिवंडीत भिसी नावाची एक संस्था आहे, तिचाही विचार येथे करावा लागेल, कारण नव्या नारपोलीचे गुणगान करणाऱ्यांना ती बहुधा ठाऊकच नसते. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या यंत्रमाग कामगारांना दोन वेळचे जेवण ठरावीक रकमेत घालणारी ही खानावळ. एखादे कुटुंब, पुष्कळदा एखादी बाई, लहानशा जागेत दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करते आणि त्याचे पैसे मजुरीच्या वाटपाबरोबर घेते. भिसीतली भाजी कोणती असेल हे त्या दिवशी गाडीवर काय स्वस्त आहे त्यावर ठरते. भोपळा स्वस्त असेल तर भोपळा, कोबी स्वस्त असेल तर कोबी. ठरलेल्या रकमेत जेवण घालायचे असल्यामुळे भाजी किलोमागे दहा-पंधरा रुपयांनी चढली की त्या बाईपुढे दोनच मार्ग उरतात, एक तर दर वाढवणे किंवा रस्सा पातळ करणे; आणि दर वाढवला तर माणसे सुटतात म्हणून ती रस्साच पातळ करते. हातगाड्या दूर हलवल्या, म्हणजे तिला रिक्षा करून तीनबत्तीच्या बाजारात जावे लागले, तर त्या रिक्षाचे भाडे शेवटी कामगाराच्या ताटातूनच वजा होणार आहे. शहरसुधारणेच्या नकाशावर हा खर्च कोठेही नोंदलेला नसतो, म्हणून तो नाही असे समजले जाते.

आणखी एक गोष्ट दुकानाला साधणारी नाही. पद्मानगरच्या तेलुगू घरांना अंबाडीची पाने हवी असतात, पूर्वांचलातल्या माणसाला परवळ आणि अरवी हवी असते, आगरी घराला सुकट, जवळा आणि वालाचे बिरडे लागते, आणि ही सारी रुची एका चौकात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांनी ओळखून घेतली आहे. मोठ्या दुकानाची मांडणी कोठल्या तरी दूरच्या कचेरीत ठरते, आणि तिला नारपोलीच्या गल्लीगल्लीतील जिभांचा हिशेब ठेवणे परवडणारे नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी भिवंडीत येणाऱ्या रानभाज्यांची गोष्ट तर याहूनही वेगळी आहे. मृगाच्या आगेमागे वाडा-शहापूरकडच्या वारली, कातकरी बाया शेवळी घेऊन येतात, आणि शेवळाची खाज मारण्यासाठी लागणारे काकडही सोबत आणतात. त्यामागून टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, दिंडा, आणि पुढे श्रावणाच्या सुमारास कंटोली. या भाज्या पेरल्या जात नाहीत, त्यांवर खत वा औषध पडत नाही, त्यांची साठवण करता येत नाही, आणि त्यांना गोदामाचा मार्ग नाही. त्या विकणारी बाई पहाटे घर सोडते, टोपली जमिनीवर ठेवून दोन-तीन तास बसते आणि विकून झाले की परतीची गाडी पकडते. दुकान भाड्याने घेणे, परवान्याचे कागद भरणे, पिशव्यांवर छापील चिठ्ठ्या लावणे तिला शक्य नाही. तिला रस्त्याच्या कडेची तीन हात जागा नाकारली, की त्या क्षणी नारपोलीचा जंगलाशी असलेला शेवटचा दुवा तुटतो, आणि उन्हाळ्यानंतरच्या त्या दिवसांत गरिबाच्या पोटात जाणारे सर्वांत सकस अन्न नाहीसे होते. मला या एका हानीचे जेवढे दुःख वाटते तेवढे दुसऱ्या कशाचे वाटत नाही, कारण इतर भाजी उद्या महाग का होईना कोणी तरी आणील, पण शेवळी आणणारी बाई एकदा यायची थांबली की तिच्या मुलीला तो बाजार ठाऊकही राहणार नाही.

भोवतालच्या गावांतल्या भाजीचे तर असे आधीच झाले आहे. ज्या शेतांत भात निघाल्यावर ओलीवर वाल होत असे, बांधावर दुधी आणि शिराळी चढत असत, त्या शेतांचा बराच भाग आज सिमेंटखाली आहे. शेतकऱ्याने जमीन विकली किंवा भाड्याने दिली म्हणून मी त्याला दोष देत नाही, कारण भाताच्या भावावर त्याचा संसार चालत नव्हता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की पूर्वी चार-सहा मैलांवरून डोक्यावर येणारी भाजी आता नाशिककडून कसारा घाट उतरून, भिवंडीच्या वेशीवरून पुढे वाशीच्या किंवा कल्याणच्या बाजार समितीत जाते, आणि तेथून पहाटे टेम्पोत भागीने माल भरून नारपोलीचा गाडीवाला ती परत आणतो. मुंबईचा भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ मध्ये भायखळ्याहून वाशीला गेल्यापासून हा फेरा अधिकच लांबला. या लांबलेल्या साखळीच्या अखेरच्या टोकाला उभा असलेला, सर्वांत कमी नफा घेणारा आणि सडलेल्या मालाचे सारे नुकसान स्वतः सोसणारा जो माणूस, त्याच्यावरच शहराच्या अव्यवस्थेचा सगळा ठपका ठेवला जातो, हे मला असह्य वाटते.

काही जण अर्थशास्त्राचा आधार घेऊन म्हणतात की मागणी असेल तेथे पुरवठा आपोआप होईल, हातगाडी गेली तर त्या जागी गाळ्यातले भाजीचे दुकान येईल. हा सिद्धान्त नारपोलीच्या बाबतीत लागू पडत नाही, कारण येथे जागेचा भाव भाजीच्या नफ्यावर ठरत नाही. मेट्रोच्या पाचव्या मार्गिकेचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाल्यापासून ठाण्याहून भिवंडीमार्गे कल्याणला जाणाऱ्या त्या मार्गावर, विशेषतः अंजूर फाटा आणि धामणकर नाका या नियोजित स्थानकांच्या आसपास, जमिनीची किंमत पुढच्या काळाकडे पाहून चढते आहे. आणि चढलेल्या भाड्याच्या गाळ्यात मोबाइल, कपडे, औषधे यांचा व्यापार परवडतो, रोज संध्याकाळी उरलेला माल फेकून देण्याची जोखीम घेणारा पालेभाजीचा व्यापार परवडत नाही. मागणी असूनही पुरवठा मागे हटतो, कारण पुरवठ्याला उभे राहायला जागा उरत नाही. आणि जागा राखून ठेवणे हे बाजाराच्या हातचे काम नाही, ते नगराच्या कारभाराचे काम आहे.

आता गर्दीचा आणि घाणीचा आक्षेप. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. धामणकर नाक्यावर रुग्णवाहिका अडली तर ती कोणत्याही कारणाने अडता कामा नये, आणि २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसण्यास मनाई केली, त्यामागची काळजी मला पटते. परंतु नारपोलीचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे की तेथला वाहनांचा खोळंबा मुख्यतः कशाने होतो: गोदामांकडे जाणारे-येणारे अवजड ट्रक आणि कंटेनर, रस्त्यावरच उभी केलेली मालवाहू वाहने, पावसाळ्यात चाळण होणारा रस्ता, आणि मेट्रोच्या बांधकामाने आक्रसलेली रुंदी, ही कारणे आधी मोजावी लागतील, आणि मग शेवटी हातगाडीचे नाव घ्यावे लागेल. तिचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, कारण तिला उचलणे सर्वांत सोपे आहे. राहिला प्रश्न घाणीचा. सांडपाण्याच्या गटाराकाठी भाजी मांडली जाते, पानांचा कचरा रस्त्यावर पडतो, आणि भाजीवर शिंपडायचे पाणी स्वच्छ असेलच याची खात्री नसते, हे सारे खरे आहे. परंतु ज्याला बसण्याचा हक्क नाही त्याला नळ मिळत नाही, ज्याला नळ नाही त्याला कचराकुंडी मिळत नाही, आणि दिवसभर रस्त्यावर बसणाऱ्या बाईला शौचालयही मिळत नाही. हक्क नाकारून निर्माण केलेली अस्वच्छता हेच पुन्हा हक्क नाकारण्याचे कारण म्हणून पुढे करणे न्यायाला धरून नाही.

हे सारे बेकायदा आहे, असे म्हणून ज्यांना चर्चा संपवायची असते त्यांनी कायदा एकदा उघडून वाचावा. पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या कायद्याखाली भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका चालते, त्याच्या ६३ व्या कलमात महानगरपालिकेची आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत, आणि सार्वजनिक बाजार बांधणे वा संपादन करणे व त्यांची निगा राखणे हे त्यांतले एक आहे. ते ऐच्छिक कर्तव्यांत नाही, तिजोरीत शिल्लक उरली तर करावे अशा कामांत नाही; दिवाबत्ती आणि सफाई यांच्याच यादीत ते आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ तर याहून पुढे जातो. विक्रेते आणि ग्राहक जेथे परंपरेने जमत आले आहेत अशा नैसर्गिक बाजारपेठांची दखल त्याने घेतली. दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांची पाहणी करण्याचे बंधन घातले. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांनी निवडून दिलेले किमान ४० टक्के सदस्य आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असे ठरवले. आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेणारी योजना करण्यास सांगितले. भिवंडीची २०११ ची लोकसंख्या धरली तरी ही संख्या सतरा हजार सातशेहून अधिक होते. करोनाच्या साथीत, १ जून २०२० पासून, याच विक्रेत्यांना पुन्हा उभे करण्यासाठी केंद्र सरकारने प्रथम दहा हजार रुपयांचे भांडवली कर्ज देणारी स्वनिधी योजना काढली. एका हाताने सरकारने ज्याला भांडवल द्यायचे, त्याचीच गाडी दुसऱ्या हाताने पालिकेने जप्त करायची, यात कसली सुसंगती आहे ते मला समजत नाही.

मंडईचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पुण्यात १८८६ मध्ये रे मार्केट उघडले गेले. त्या भव्य इमारतीवर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी विरोध केला होता, तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी लागावा म्हणून. आणि पुढे त्याच मंडईला त्यांचेच नाव दिले गेले. या विरोधाचा अर्थ काही जण असा लावतात की गरिबांचा कैवारी मंडईच्याच विरुद्ध होता. तसे मुळीच नाही. त्यांचा आक्षेप मनोऱ्यावर आणि डौलावर होता. आणि नारपोलीलाही मनोरा नको आहे. ओटे, वर पत्रा, पाण्याचा नळ, दिवा, कचऱ्याची जागा आणि बायांसाठी शौचालय, एवढे पुरे आहे. आंध्र प्रदेशाने १९९९ च्या जानेवारीत रैतु बाजार सुरू केले, त्यांत शेतकरी स्वतः बसून भाजी विकू लागला, आणि पद्मानगरच्या कित्येक कुटुंबांना आपल्या गावी गेल्यावर ते बाजार पाहायला मिळतात. महाराष्ट्रानेही जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करून संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. शहापूर, मुरबाड, वाडा या भेंडी-काकडी पिकवणाऱ्या तालुक्यांच्या इतक्या निकट असलेल्या नारपोलीला असा बाजार लाभणे मुळीच अवघड नाही.

आणि ज्यांना प्रगत देशांचे दाखले दिल्यावाचून समाधान होत नाही त्यांच्यासाठी न्यूयॉर्कचे उदाहरण आहे. स्वयंसेवा दुकानांची संस्कृती जेथे आपल्याहून कितीतरी आधी रुजली, त्या शहराच्या ध्यानात आले की त्याच्या गरीब वस्त्यांत बंद डब्यांतले खाणे मुबलक असून ताजी फळे व भाजी दुर्मिळ झाली आहे. आणि २००८ मध्ये तेथल्या नगरपरिषदेने केवळ ताजी फळे-भाजी विकण्याच्या अटीवर, अशाच वस्त्यांसाठी, हातगाड्यांचे एक हजार नवे परवाने मंजूर केले. ज्या टप्प्याकडे आपण शहरसुधारणा म्हणून धाव घेत आहोत, तेथे आधी पोहोचलेल्या शहराला हातगाडी परत बोलवावी लागली. आपल्याजवळ ती अजून आहे. ती घालवून, वीस वर्षांनी पुन्हा आणण्याचा खर्च करण्याची आपल्याला काय गरज?

नारपोलीतल्या नव्या रहिवाशांना माझे एवढेच सांगणे आहे की हा झगडा त्यांच्याविरुद्ध नाही. इमारतीत राहणाऱ्या गृहिणीलाही संध्याकाळी डोळ्यांनी पाहून, हाताने निवडून घेतलेली मेथी हवी असते, आणि तिची मोलकरीण, तिचा रखवालदार, तिच्या पतीच्या गोदामातला हमाल याच गाड्यांवर जगतो. तुमच्या सोसायटीच्या सभेत हातगाड्या हटवण्याच्या मागणीचा अर्ज सह्यांसाठी फिरेल तेव्हा त्यावर सही करण्याऐवजी एक दुसरा अर्ज लिहा, आणि त्यात मागा की नारपोलीतील भाजीच्या जागांची नैसर्गिक बाजारपेठ म्हणून नोंद व्हावी, सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळी त्यांना जागा मिळावी, रानभाज्या आणणाऱ्या बायांसाठी कसलाही आकार न घेता एक कोपरा राखला जावा, आणि पालिकेच्या किंवा सरकारच्या मालकीच्या रिकाम्या जमिनीतून मंडईचा भूखंड काढून द्यावा. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. २०१४ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानेच सांगितले आहे की पाहणी पुरी होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला बेदखल करता येणार नाही. तेव्हा नारपोलीत आधी पाहणी, मग प्रमाणपत्र, मग जागा, आणि तोवर एकही हातगाडी उचलली जाऊ नये.